सहाव्या प्रकरणातला शर्ट

माझ्या नावावर एकच कादंबरी आहे. हलकीफुलकी, एका बैठकीत वाचून होणारी. तिच्यातली नायिका बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवते आणि नायक प्राथमिक शाळेत मास्तर आहे. दोघं रोज भांडतात, रोज एकमेकांची वाट बघतात आणि शेवटी लग्न करतात. पुण्याच्या एका प्रकाशकाने ती काढली तेव्हा मला वाटलं होतं, मी शिकवते त्या शाळेतल्या चार बाया वाचतील आणि विसरतील. पण ती खपली. अनोळखी मुलींचे फोन यायला लागले. बहुतेकींचा प्रश्न एकच, "मॅडम, असा मुलगा खरंच असतो का हो?"

मी म्हणायचे, "असतो की. शोधायला पाहिजे." फोन ठेवल्यावर मग बराच वेळ कशात लक्ष लागायचं नाही.

असा मुलगा होता. यवतमाळला डी.एड.ला माझ्याच वर्गात. मी राळेगावहून एसटीत बसायचे, तो पुढच्या दोन थांब्यांनंतर चढायचा. आमच्या घरी शेती, कपाशी आणि तूर. त्याचे वडील पोस्टमन, आजोबांच्या पिढीपासून घर बौद्ध. गाडीत जागा कधीच नसायची, म्हणून तो ड्रायव्हरच्या मागे दांड्याला टेकून उभा राहायचा आणि अख्ख्या गाडीला हसवायचा. गणिताच्या पाठासाठी त्याने पुठ्ठ्याचं एक मोठं घड्याळ केलं होतं, काटे फिरणारं. गाडीला उशीर झाला की तो ते काटे मागे घ्यायचा आणि कंडक्टरसमोर धरायचा, "पाहा साहेब, अजून पावणेदहाच झाले. कायले घाई करून राह्यले?" कंडक्टरही हसायचा. मी खिडकीशी बसून हसू दाबायचे, आणि ते दाबलेलं हसू फक्त त्याला दिसायचं.

दुसऱ्या वर्षी एकदा तो आमच्या घरी आला. पाठाचं काही साहित्य पोचवायचं होतं, हातात ते घड्याळ होतंच. बाबा ओसरीवर बसले होते. "या गुरुजी, बसा," म्हणाले. गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं, मग आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. बाबांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. "हुशार राह्यतात तुमच्यातले पोरं," म्हणाले. "शिक्षणाची कदर आहे तुमच्यात."

त्याला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. तो हसत म्हणाला, "तुया बाबांनी मले 'तुमच्यातले पोरं' म्हटलं. मी तं एकटाच आलतो."

बाबा कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं झालं असतं, काहीतरी धरून भांडता आलं असतं. डी.एड.चा निकाल लागल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं.

"मले समजलं आहे सगळं. मी तुले अडवत नाही. तू शिकलेली आहेस. फक्त तुया लहान बहिणीचं लग्न मंग कोन करन, ते तूच सांग."

बहीण तेव्हा दहावीत होती. पुष्कळ वर्षांनी मी तिला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मले विचारलं होतं का तुमी कोनी?" आणि उठून आत गेली.

तरीही आम्ही ठरवलं होतं. यवतमाळला विवाह नोंदणीच्या कार्यालयात जाऊन नोटीस द्यायची. मग महिनाभर थांबायचं, आणि तो महिना मी नागपूरला त्याच्या मावशीकडे राहायचं. दिवस ठरला. तो दोन मित्रांना घेऊन सकाळी बसस्टँडवर थांबणार होता. मी घरून मार्कशीट आणायला जाते असं सांगून निघाले. मला कुणी अडवलं नाही. कुणी कोंडलं नाही. आईने डब्यात पोळी दिली.

ती गाडी हिंगणघाटहून येऊन यवतमाळमार्गे पुढे दारव्ह्याला जायची. दहाच्या सुमारास स्टँडवर शिरली आणि मला तो दिसला. नवा, पांढरट निळा शर्ट, डोक्यावर उन्हासाठी धरलेली फाइल. शर्टाच्या कॉलरमागे किमतीची चिठ्ठी दोऱ्याने लटकत होती. त्याने येणाऱ्या गाड्यांकडे मान वळवली, की चिठ्ठीही वळायची. मित्र रसवंतीशी उभे होते. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीतली माणसं उतरली, तो त्यांच्यातच मला शोधत होता. मी उठले नाही. पायात बळ नव्हतं वगैरे म्हणता येईल, पण ते खोटं होईल. पायात बळ होतं. मी फक्त बसून राहिले. कंडक्टर म्हणाला, "ताई, यवतमाळ आलं."

"दारव्ह्याचं द्या," मी म्हटलं.

दारव्ह्याच्या स्टँडवर मी तीन तास बसले. डबा उघडला नाही. परतीची गाडी पुन्हा यवतमाळलाच थांबणार होती, हे माझ्या गाडीत चढल्यावर लक्षात आलं. यवतमाळ आलं तेव्हा साडेतीन वाजले होते. मी कपाळ गुडघ्यांना टेकवून, उलटी होतेय असं दाखवत, गाडी सुटेपर्यंत तशीच राहिले. शेजारच्या बाईने पाठीवरून हात फिरवला.

चार दिवसांनी एका मैत्रिणीच्या हाती मी त्याला चिठ्ठी पाठवली. "घरचे बाहेर पडू देत नाहीत. माझी वाट पाहू नकोस." एवढंच. त्यातलं पहिलं वाक्य खोटं होतं. त्याने उत्तर पाठवलं नाही. तुरी निघण्याच्या सुमारास माझं लग्न झालं, नवरा पांढरकवड्याला नोकरीला. माणूस वाईट नाही. त्याने मला कधी दुखवलं नाही, आणि इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही मनापासून हसवलेलं नाही. पुढे मलाही इथेच शाळा मिळाली. बहिणीचं लग्न बाबांच्या मनासारखं झालं.

कादंबरी मी पंचेचाळिशीच्या आसपास, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिली. तो मास्तर आपोआप आला, पुठ्ठ्याचं घड्याळ घेऊनच. मी त्याला सगळं दिलं, बोलणं, उभं राहणं, नाक खाजवायची सवयसुद्धा. आणि तो यवतमाळचा दिवस मी सहावं प्रकरण केला. त्यात नायिका गाडीत गाढ झोपते आणि तिचा थांबा चुकतो. नायक कॉलरला किमतीची चिठ्ठी लटकवत, कुणाची तरी लुना मागून, बसच्या मागे धावतो. पुढच्या गावी गाठतो. सगळी गाडी टाळ्या वाजवते. ते प्रकरण मी एका दिवसात लिहिलं. लिहिताना मी हसत होते. आज मला सगळ्यांत जास्त भीती त्या हसण्याची वाटते.

वाचकांना तेच प्रकरण आवडलं. आणि बाबांनाही. मोतीबिंदूनंतर त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रविवारी राळेगावला गेले की मी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचे. सहाव्या प्रकरणाला ते इतके हसले की खोकला लागला. "पोरगा चांगला आहे हा," डोळे पुसत म्हणाले. "असा पाहिजे जावई. घर हसतं राह्यते." मी पान उलटून पुढे वाचत राहिले.

मागच्या हिवाळ्यात तो माझ्या शाळेत आला. मधली सुट्टी होती. शिपाई म्हणाला, कुणी सर आले आहेत. व्हरांड्यात तो उभा होता. केस पांढरे, अंग थोडं सुटलेलं. मी लगेच ओळखलं आणि लगेच खाली पाहिलं.

"पांढरकवड्याले प्रशिक्षणाले आलतो," तो म्हणाला. "मुकुटबनकडच्या शाळेत हेडमास्तर आहो आता."

व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. मध्ये एका माणसाची जागा. त्याने पिशवीतून माझं पुस्तक काढलं.

"पोरीनं आणलं. दोन दिवस हसून राह्यली होती. मंग म्हणाली, बाबा, हा मास्तर डिट्टो तुमीच आहा. म्हणून वाचलं."

"कसं वाटलं?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या तोंडून कसा निघाला, कुणास ठाऊक. चार लोकांनी कौतुक केलं की माणसाला अशी घाण सवय लागते.

"चांगलं लिहिलं तू. तो लय हसवते. मी एवढा हसवत नव्हतो." त्याने सहावं प्रकरण काढलं. "एक विचारू? ह्या शर्टाच्या चिठ्ठीचं तुले कोनं सांगितलं?"

मी उघड्या पानावरून बोट फिरवलं.

"तो शर्ट मी त्या दिवशी पह्यल्यांदा घातलता. चिठ्ठी दोस्तानं बारा वाजता तोडली, तेव्हा मले समजलं. पुस्तक वाचून त्याले फोन केला. तो म्हणाला, मी कोनालेच नाही सांगितलं." त्याचा आवाज शांत होता, वर्गात पाठ घेतल्यासारखा. "म्हणजे दहाची गाडी आली, तेव्हा तू गाडीत होती."

"होते."

"झोपली होती?"

"नाही."

त्याने मान हलवली. मैदानात पोरं ओरडत होती. पुस्तक मिटून तो म्हणाला, "मी आजवर हेच धरून चाललो का तुले घरच्यायनं कोंडलं. बायकोलेही तेच सांगितलं. तुया बापाले मनातल्या मनात किती शिव्या देल्या मी. अन् मी तिथं चार वाजेपर्यंत होतो."

म्हणजे साडेतीनला तो तिथेच होता. मी मान वर केली असती तर दिसला असता.

"मी चुकले," मी म्हटलं. "खूप मोठं चुकले."

"अजून एक," तो म्हणाला. माझं बोलणं त्याला ऐकू आलं की नाही, मला कळलं नाही. "अख्ख्या पुस्तकात त्याले आडनाव नाही. तो गावात कोन्या बाजूले राह्यते, ते नाही. त्याच्या घरी भिंतीवर फोटो कोनाचा, ते नाही. तिचंही काही नाही. म्हणून तं त्यायचं लग्न झालं." तो थोडं हसला. "पोरगी विचारत होती, बाबा, तुमच्या टायमाले असं होत होतं का? काय सांगू तिले?"

घंटा झाली. तो उठला. "जा, वर्ग असन तुया," म्हणाला. पुस्तक पिशवीत टाकलं आणि फाटकाकडे चालत गेला. मी वर्गात गेले आणि फळ्यावर काय लिहायचं ते मला आठवेना. मुलं वाट बघत बसली.

पुढच्या रविवारी मी राळेगावला गेले. बाबा अंगणात उन्हात बसले होते. मी त्यांना सरळ सांगितलं, "बाबा, पुस्तकातला तो मुलगा कोण आहे, तुम्हाला माहीत नाही."

"माहीत आहे ना," ते म्हणाले. "पयल्या दिवशीच समजलं. ते पुठ्ठ्याचं घड्याळ घेऊन आलता ना तो आपल्या घरी."

"मग तुम्ही हसलात कसे?"

"हसण्यासारखं होतं म्हणून हसलो. तो पोरगा वाईट आहे असं मी कधी म्हटलं होतं?"

मला काय उत्तर हवं होतं, मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी रडावं, चुकलं म्हणावं, निदान गप्प बसावं. मी विचारलं, "आज तो असा दारात आला असता, तर?"

त्यांनी खरंच विचार केला. म्हातारं माणूस विचार करताना जसं तोंड हलवतं, तसं तोंड हलवत राहिले. मग म्हणाले, "तेच केलं असतं. पुस्तक येगळं राह्यते बाई." आणि खुर्ची सावलीत ओढून द्यायला सांगितलं. मी ओढून दिली.

त्यांच्यावर रागवायचीही मला सोय उरली नाही. त्यांनी जे केलं ते तोंडावर कबूल केलं. गाडीत बसून राहिले ती मी होते.

उन्हाळ्यात प्रकाशकाचा फोन आला. दुसरी आवृत्ती काढायची आहे, काही दुरुस्त्या असतील तर कळवा. मी आठ दिवस बसून सहावं प्रकरण पुन्हा लिहिलं. मुलगी जागी आहे, खिडकीतून बघते आहे, उतरत नाही. दोघांना आडनावं दिली, खरी नव्हेत पण ऐकल्याबरोबर कळणारी. घरं दिली, गावात कुठे आहेत ते लिहिलं. मग लक्षात आलं की सातवं प्रकरण आता होऊच शकत नाही, आठवंही नाही. पुस्तक तिथेच संपत होतं, निम्म्यात. तसंच पाठवून दिलं.

दोन दिवसांनी प्रकाशक बोलले. फार सभ्य गृहस्थ. "मॅडम, लिहिलंय ताकदीनं. पण वाचकांचं त्या जोडीवर प्रेम आहे हो. त्यांना असं मध्येच सोडायचं? आणि हा जातीचा विषय… याचं तुम्ही वेगळं, गंभीर पुस्तक करा ना. हे आपलं हलकंफुलकंच राहू द्या."

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. छापायचं तर हेच, नाहीतर पुस्तक परत द्या, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. समोर बाबा नव्हते, लहान बहीण नव्हती, कुणाच्या लग्नाचा प्रश्न नव्हता. माझी नोकरी, माझं घर, सगळं जागच्या जागी होतं. भीती वाटावी असं काहीसुद्धा नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "जुनंच छापा."

"नाराज तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही," मी म्हणाले, आणि मुखपृष्ठाचा रंग कोणता घ्यायचा यावर आम्ही दहा मिनिटं बोललो.