भोकं बुजवलेले बूट

ये गं शोभा, इकडं जवळ बस. मावशी जिवंत आहे का ते पाहायला वर्षातून एकदा येतेस, आणि आली की त्या मोबाइलात तोंड घालून बसतेस. ठेव तो खाली. ऐक.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या अंगात देवी आली. पायाकडून आली.

आता पहिल्यापासून सांगते. माझ्या लेकीची, मंगलची सासू, म्हणजे माझी ईनबाई, पैनगंगेच्या पलीकडं राहते. दर वैशाखात ती आम्हाला रसाचं जेवण देते. आमच्या जैनथच्या वावराखालून नदीत उतरलं की उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढंच. आम्ही पायीच जातो. पण यंदा ईनबाई फोनवर म्हणाली, "तुमच्यासाठी बैलगाडी पाठवते. तुमच्या गुडघ्यानं आता नदी होत नाही."

असं झोंबलं म्हणून सांगू! ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. (ती दोन म्हणते. मंगलच्या लग्नात तर बरोबरीची होती.) मी सांगून टाकलं, माझ्या पायानं येईन, तुमी काठावर उभं राहून पाहा.

फोन ठेवला आणि पायांकडं पाहिलं. नदीत गोटे, पलीकडं तापलेली रेती, आणि माझ्या रबरी चपला तर दरवर्षी पाण्यात माझ्याआधीच निघून जातात. माझी नात पल्लवी हैदराबादेत शिकते, सुट्टीत आली होती. ती म्हणाली, आजी, तुला बूट पाहिजेत. आदिलाबादला दुकानात घेऊन गेली.

मी आपला जाड, काळा, घट्ट बूट निवडला. पल्लवीच्या आजोबांचा होता तसा. पल्लवीनं तो माझ्या हातातून काढून घेतला. उन्हात पाय शिजतील, पाण्यात गेला की दोन शेर वजन वाढेल, आणि वाळायला आठ दिवस. तिनं एक जाळीचा बूट हातात दिला. पापडासारखा हलका! वरून हवा खेळते, तळ गोट्यावर घसरत नाही, आणि तळालाच बारीक भोकं.

आता तूच सांग, नव्या वस्तूला भोकं पाहून मी गप्प बसेन? उन्हाळ्यात माठ घेताना आपण काय करतो? वाजवून पाहतो, पाणी भरून पाहतो. मी काउंटरवरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि बुटात ओतला. सगळं पाणी खालून दुकानदाराच्या पावतीबुकावर.

"फुटका आहे," मी म्हटलं. "दुसरा दाखव."

दुकानदार बुटाकडं पाहे, माझ्याकडं पाहे. शेवटी हात जोडून म्हणाला, "अम्मा, ये मटका नहीं है."

पल्लवीनं तेच बूट घेतले, एक नंबर मोठे, कारण उन्हात पाय सुजतात. रस्ताभर मला समजावलं, आत गेलेलं पाणी त्या भोकांतूनच बाहेर निघते. मी म्हटलं, बाप्पा, मग ते आत येऊच काऊन द्यायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी पोट्टी झोपली. मी सायकलची जुनी ट्यूब कापली, पंपाच्या पायपाला लावायचं सोल्यूशन घेतलं, आणि एकेक भोक पक्कं बुजवलं. अशी कारागिरी केली की पल्लवीलाही दिसलं नाही.

निघायच्या दिवशी पलीकडच्या काठावर ईनबाई छत्री घेऊन उभी. सोबत चार बाया. मी पदर खोचला आणि पाण्यात पाय घातला.

भोकं मी खालची बुजवली होती गं. पाणी वरून आलं. जाळीतून आलं, घोट्यापासून आलं, आणि आलं ते राहायलाच आलं. दोन्ही पायांत एकेक भरलेली बादली! एक पाय उचलावा, तर दुसरा म्हणे मी नाही येत. तरी दात खाऊन नदीच्या मध्यापर्यंत गेले. आणि तिथं उजव्या बुटात काहीतरी वळवळलं.

मासोळी होती. जिवंत. तळपायाला गुदगुल्या करून राह्यली होती.

मी उडाले. हात वर, केस मोकळे, पदर पाण्यात, आणि तोंडातून "हुं, हुं, हुं"! पल्लवी मागून ओरडते, आजी काय झालं. पण सांगायला श्वास कुठं होता? काठावरच्या बायांनी मात्र पटापट डोक्यावर पदर घेतले. ईनबाईनं छत्री टाकली, नेसत्या लुगड्यानं पाण्यात शिरली, आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, "माय, काय चुकलं आमचं?"

मला एकच सुचलं. "बूट काढ," मी म्हटलं.

तिनं पाण्यातच बसून नाड्या सोडल्या. बूट निघताच मासोळी निसटली. पल्लवीला दिसली, ईनबाईला नाही. आणि मी, अनवाणी, स्वतःच्या पायानं, पलीकडच्या काठावर चढले. ईनबाई माझे बूट हातात घेऊन मागून आली. मला वाटलं, जिंकले!

घरी नेऊन मला पाटावर बसवलं, ओटी भरली. एकीनं विचारलं, बोअरला पाणी लागंल का माय? मी म्हटलं, लागेल. (कोणाचं मन कशाला मोडायचं?) मग पंगत बसली. सगळ्यांच्या वाटीत घट्ट पिवळा रस, वर तुपाची धार. माझ्यापुढं लिंबाचं पाणी.

"आज तुमाले अन्न नाही," ईनबाई म्हणाली. "अंगात आलं त्या दिवशी देवीचा उपास असते."

पल्लवी समोर बसून तिसरी वाटी खाऊन राह्यली होती, माझ्याकडं पाहात. मी इज्जतीचा विचार केला. चांगला दोन मिनिटं केला. मग म्हटलं, "ईनबाई, देवी नव्हती. मासोळी होती."

ईनबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "म्हणजे मी मासोळीच्या पाया पडली?"

रस वाढला तिनं. तूप नाही वाढलं. मी चार वाट्या खाल्ल्या. इज्जत काय, पुढच्या वर्षीही मिळवता येते. आंबे मिरगाला संपतात.

उठलीस का? बरं, जा, पण लवकर परत ये बाई, आणि येताना एकदोन नवी माणसं घेऊन ये. नदीपलीकडून मला सध्या कोणी बोलावत नाही, आणि नदीअलीकडं ही गोष्ट सगळ्यांची ऐकून झाली आहे.