दारासमोरचा मुरूम

आमच्या गल्लीत हिवाळ्याची सकाळ झाडूच्या आवाजाने सुरू होते. प्रत्येक घरातली बाई आपापल्या फाटकासमोरचा तुकडा झाडते, सडा मारते, रांगोळी काढते आणि झाडलेला कचरा हद्दीवर, म्हणजे शेजाऱ्याच्या तुकड्यात किंचित आत, सोडून घरात जाते. नळाला पाणी कितीही दिवसांनी येवो, सडा चुकत नाही. माझ्या बायकोचा तुकडा गल्लीत सगळ्यात नेटका असायचा. नवरा म्हणून कौतुक करत नाही. तिच्या रांगोळीवर पाय पडला म्हणून मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत.

गणपती उठले त्या आठवड्यात ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. व्यायाम शिकवायला घरी यायची ती मुलगी म्हणाली, "काकू, दोन खोल्यांत फिरून भागायचं नाही. बाहेर सपाट रस्त्यावर, कोवळ्या उन्हात रोज चालायचं. या हिवाळ्यात चाललात तर चालाल. नाहीतर मग पाय साथ देणार नाही." बायकोने तिथल्या तिथे मुदत ठरवून टाकली.

"संक्रांतीची रांगोळी मीच काढणार. तवर तुमी काढा, पण वाकडी नगं."

माझी वाकडीच यायची. ती वॉकर धरून उंबऱ्यात उभी राहायची आणि चुका सांगायची. मग हळूहळू ती फाटकापर्यंत आली, पुढे शेजारच्या फाटकापर्यंत, आणि दिवाळीच्या सुमारास पार गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबापर्यंत. खांबाला हात लावूनच परत फिरायची. मी मागून प्लास्टिकची खुर्ची घेऊन चालायचो. लोक हसायचे, तीही हसायची. ते दिवस फार चांगले होते.

दिवाळी झाली आणि नव्या पाइपलाइनसाठी गल्ली खोदली. पाण्यासाठीच खोदताहेत म्हटल्यावर कुरकुर कोण करणार? पाइप पडला, चर बुजला आणि उरलेल्या मुरमाचे ढीग मधोमध तसेच राहिले. आम्ही दोन-चार म्हातारे अर्ज-विनंत्या करून दमलो. शेवटी एका सकाळी जेसीबी आला. अख्खी गल्ली बघायला बाहेर. त्याने मधला रस्ता झकास मोकळा केला आणि सगळा मुरूम दोन्ही अंगांना, आमच्या फाटकांना लावून सारला. प्रत्येक दारासमोर गुडघ्याएवढा बांध उभा राहिला.

मी धावतच कंत्राटदाराच्या माणसाकडे गेलो. त्याचा फोन कानालाच होता.

"काका, रस्ता मोकळा करणं आमचं काम. दारापुढचं ज्याचं त्यानं बघायचं."

"अहो, पण तुमच्याच मशीननं टाकलाय तो!"

"आता मशीन पुढच्या गल्लीत चाललंय," तो म्हणाला आणि गेलाच.

आमची मुलगी कॅनडात असते. तिला व्हिडिओवर बांध दाखवला तर ती हसायलाच लागली. तिकडेही हिवाळ्यात असंच होतं म्हणे. पालिकेची गाडी रस्त्यावरचा बर्फ काढते आणि घराच्या तोंडाशी त्याचा बांध घालून जाते. तो फोडायचा घरमालकाने, दारासमोरची पायवाटही त्यानेच मोकळी ठेवायची, नाहीतर दंड. "बाबा, तुम्ही पण फावडं घ्या," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुमचा बर्फ उन्हाळ्यात वितळतो गं. आमचा मुरूम कुठं वितळतो?"

फावडं घेतलं नाही असं नाही. सगळ्यांनीच घेतलं. पण आमच्या गल्लीचा झाडण्याचा जो रिवाज, तोच मुरूम काढण्याचा झाला. प्रत्येकाने आपलं फाटक मोकळं केलं आणि माल हद्दीवर सारला. शेजारचा पोरगा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत आहे, त्याला पहाटे मोटारसायकल काढावी लागते. त्याने त्याचा बांध आमच्याकडे लोटला. त्याला त्याच्या पलीकडच्याने दिला होता. आमचं घर शेवटचं. त्याच्या पुढे रिकामा प्लॉट, आणि प्लॉटवाल्याने भिंत घालून ठेवलेली. त्यामुळे मुरूम आमच्यापर्यंत आला आणि थांबला. मी एका बाजूने उपसत होतो, दुसऱ्या बाजूने येत होता. माझ्या वयाला ते फावडं झेपलंही नाही.

त्यात धूळ. वाहन गेलं की लाल लोट घरात. मग बायकांनी सुरू केला सडा. झाडून भागत नव्हतं, तर उरलेल्या मुरमावरच पाणी मारायच्या. नळाच्या दिवशी तर पाइप लावून. धूळ बसली, सगळ्यांना बरं वाटलं. शेजारची सून आमच्याही बांधावर मनापासून पाणी मारायची. "काकूंना खोकला नको," म्हणायची. मी तिला कसं थांबवणार? पाणी, ऊन, वरून जाणारी-येणारी पावलं. मुरमावर पाणी मारून तो चोपतात तेव्हाच तर रस्त्याचा पाया तयार होतो. आमच्या गल्लीने अगदी प्रेमाने माझ्या दारात तो पाया घातला. पंधरवड्यात तो बांध असा घट्ट झाला की फावडं नुसतं वाजायचं.

शेवटी करमाडकडचा एक मजूर आणला. त्याने टिकाव मारून अर्धा बांध फोडला, पाट्या भरल्या आणि विचारलं, "साहेब, टाकू कुठं?" प्लॉटला भिंत. समोरचे गृहस्थ आपल्या फाटकात हाताची घडी घालून उभे राहिले. "इकडं नाय हां काका, आत्ताच साफ केलंय." मोकळ्या रस्त्यात टाकावा तर दुपारी तो कंत्राटदाराचा माणूस भांडायला दारात येणार. मी टेम्पोवाल्याला फोन केला, तो उद्या म्हणाला, आणि पुढेही रोज उद्याच म्हणत राहिला. मजूर संध्याकाळी निघून गेला. पाट्यांतला मुरूम जिथून काढला तिथेच परत पडला, आणि सकाळी शेजारच्या सुनेने त्यावर पाणी मारलं. त्या दिवशी मी फाटकाला धरून रडलो. या वयात, मुरमासाठी.

बायको घरात फेऱ्या मारत होती. पलंग, ओटा, पलंग. मग एकदा पलंग, ओटा आणि बसणं. पाय जड होतोय हे मला दिसत होतं. म्हणून एका रविवारी मी आणि शेजारच्या पोराने तिला खुर्चीत बसवून बांधापलीकडे न्यायचं ठरवलं. तिनेही नीट केस विंचरले, स्वेटर घातला. बांधावर चढताना पोराचा पाय सरकला. खुर्ची कलली. ती पडली नाही, आम्ही सावरलं. पण तिने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

"घरात न्या मला."

"अगं, झालंच, आता उतरायचंच फक्त."

"घरात न्या म्हणते ना!"

इतक्या वर्षांत माझ्यावर ती अनेकदा ओरडली, पण भिऊन ओरडलेली मी पहिल्यांदाच ऐकली. त्यानंतर चालायला चल म्हटलं की ती म्हणायची, "आज नगं." व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी पलंगावरचेच व्यायाम करून घ्यायची आणि जाताना माझ्याकडे न बघता चपला घालायची.

संक्रांतीला बायका साड्या सावरत बांध चढून वाण द्यायला आल्या. तिने पलंगावर बसूनच हळदीकुंकू लावून घेतलं. दारात रांगोळी नव्हती; बांधावर काय काढणार?

गल्ली सिमेंटची झाली ती महाशिवरात्रीच्या पुढे. एका दिवसात मशीन आलं, माझा बांध दोन घासांत उचलला, आणि तोच मुरूम सिमेंटखाली दाबून टाकला. इतकं सोपं होतं ते. रस्ता वाळला त्या सकाळी मी वॉकर पुसून पलंगाशी ठेवला आणि फाटक सताड उघडलं. खांबापर्यंत रस्ता कसा सपाट, ऊन पडलेलं. ती उठून उभी राहिली. दाराकडे दोन पावलं टाकली. मग पाय पुढे येईना. मी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं.

बाहेर शेजारची सून आपली रांगोळी आटोपून आमच्या फाटकासमोर बसली होती. ठिपके घालून, मन लावून, आमच्या दारातली रांगोळी काढत होती. बायको ती पुरी होईपर्यंत बघत राहिली. चांगली काढली होती, एकही रेष वाकडी नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "तिला सांगा, आता रोज तूच काढत जा म्हणावं."