पाट्यावरचं डाळिंब

डाळिंब पाट्यावर वाटत नाहीत, ही गोष्ट मला माहेरी कोणी सांगितली नव्हती. सांगायची गरज पडेल असं कोणाला वाटलंही नसावं.

लग्न होऊन मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यात आले त्याच वर्षी, ऐन आषाढात, मामंजींना हिवताप झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज नको, दूध नको, भाकरीकडे तर बघणंही नको. एवढा धिप्पाड तांडेल, आख्खी होडी हाकणारा, पण उठून बसला तरी घेरी येई! आणि नारळी पुनवेला होडीवर उभं राहून समुद्राला नारळ त्यांनीच द्यायचा होता. "औंदा मी न्हाय गेलो, तं समजा म्हातारा संपला," असं ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, तेव्हा सासूबाई चुलीपुढे बसून रडल्या. मलाही रडू आलं.

अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, मासळीचा वासही नको; डाळिंब, केळं, दूध एकत्र घोटून पाजा, अंगात रक्त भरेल. ह्यांनी येताना बाजारातून डाळिंबं आणली. आता घोटायचं म्हणजे वाटायचं, आणि वाटायचं म्हणजे पाटा! (कोळ्याच्या घरात दुसरा मार्ग कोणाला ठाऊक असेल तर त्याने खुशाल पुढे यावं.) सकाळीच त्या पाट्यावर सुक्या बोंबलाची चटणी वाटली होती, चांगली लसूण-मिरची घालून. मी पाटा राखेने घासघासून धुतला. नाक लावून पाहिलं, वास नाही. (मला तेव्हा पडसं होतं, हे मागाहून लक्षात आलं.)

दाणे वरवंट्याखाली यायला तयार नव्हते. काही चुलीत गेले, काही मांजराच्या अंगावर. हाती लागले तेवढे वाटले, केळं कुस्करलं, वर दूध ओतलं. दूध फाटलं! गाळून पेल्यात जे उतरलं, त्याचा रंग जाळी रंगवून उरलेल्या पाण्यासारखा होता.

मामंजींनी एक घोट घेतला. मी हळूच दाराकडे सरकले.

"सूनबाय," ते म्हणाले, "ह्याला चव हाय."

पेला रिकामा करून त्यांनी उरलेलंही मागून घेतलं. वर इतकं गुणी फळ आजवर घरात का आणलं नाही, म्हणून सासूबाईंनाच बोल लावला.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. दाणे स्वच्छ फडक्यात पिळले आणि लालभडक रस नेऊन दिला. मामंजींनी तोंड वाकडं केलं आणि डाळिंब नासलंय म्हणून पेला परत पाठवला. सासूबाईंनी तो रस चाखला, मग पाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी पाट्यावर बोंबील ठेचला, लसूण ठेचली, आणि सगळं वाडग्यात काढून घेतलं.

"आता वाट तुझं डाळिंब," त्या म्हणाल्या. "आन पाटा धुवू नको."

पुनवेला मामंजी होडीवर ताठ उभे राहिले आणि नारळ त्यांनीच दिला. किनाऱ्यावर आम्ही दोघी सासवा-सुना पदराने डोळे पुसत होतो.

तेव्हापासून कोळीवाड्यात कोणालाही ताप आला की डाळिंबं आमच्या घरी येतात; रस म्हणे माझ्याच हातचा हवा. माझ्या हातची बोंबलाची चटणी मात्र आजवर कोणी दुसऱ्यांदा मागितलेली नाही!