अप्पांनी आंघोळ घातलेला ब्लॉक

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, मान्य. पण पूजेला मांडायच्या आधी ज्याची वस्तू त्याला विचारावं की माणसानं!

गाडी मुळात अप्पांचीच. म्हणजे वडिलांची. त्यांनी ती मला दिली, मी तिला टर्बो बसवला आणि तिथूनच आमचं वाजायला लागलं. "कंपनीतल्या लोकांपेक्षा तुला अक्कल जास्त आलीय व्हय?" हे त्यांचं पालुपद. एकदा त्यांना घेऊन अक्कलकोटला लग्नाला निघालो. टर्बोमुळं इंजिनाचा जोर वाढलेला, पण सिलिंडरच्या भिंती होत्या तेवढ्याच पातळ. त्या जोरानं हलल्या, हेडचं गॅस्केट उडालं आणि भर उन्हात बॉनेटमधून वाफा. अप्पा धोतर सावरत उतरले, रिक्षाला हात केला. "परत या गाडीत पाय ठेवणार न्हाय," म्हणाले.

आणि खरंच नाही ठेवला. दारात गाडी उभी असताना नव्या पेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात ते रिक्षानं जायचे. मला ते फार लागायचं. त्यांना त्याच गाडीत परत बसवायचंच, असा मी हट्टच धरला.

त्यासाठी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो लोखंडी ठोकळा, मजबूत करायला हवा होता. सिलिंडर आतून कापायचे आणि त्यात बिडाच्या जाड नळ्या, म्हणजे स्लीव्ह, दाबून बसवायच्या. हे जमणारा मिस्त्री एमआयडीसीत, एरवी यंत्रमागांचे सुटे भाग करणारा. त्यानं मला रडवलं. कुठल्या टॉवेलवाल्याचा माग अडला, की माझा ब्लॉक गेला कोपऱ्यात. आज या, उद्या या! शेवटी दसऱ्याच्या तोंडावर काम झालं, पिस्टनच्या मापाला अगदी बरोबर.

"उद्या आमच्या मशिनी पूजेला," मिस्त्री म्हणाला. "ब्लॉक घरी न्या. तेल पुसू नका, प्लास्टिक काढू नका. उघडं बीड हाय, पाणी लागलं की गंजतंय."

ब्लॉक व्हरांड्यात ठेवला आणि पहाटे बायकोला माहेरी, केमला सोडायला गेलो. घरात कुणाला बजावायचं? अप्पा तर त्या ब्लॉककडं ढुंकूनही बघत नव्हते.

दसऱ्याच्या संध्याकाळी परत येऊन बघतो तर व्हरांड्यात पाट. पाटावर दुकानाची कात्री, कापड मोजायचा गज आणि मधोमध माझा ब्लॉक. भस्माचे तीन पट्टे, झेंडूचा हार, शेजारी फोडलेला नारळ. तेल नाही, प्लास्टिक नाही.

"अप्पा, हे काय केलंत!"

"लई तेलकट होतं रे. पूजेला तसं चालतंय का? साबण लावून आंघोळ घातली. कालपासून हितंच हाय, दसरा होईस्तोवर हलवायचं नसतंय."

मी सिलिंडरमध्ये बोट घातलं. नारळाचं पाणी आत उतरलेलं. बोट तांबडं होऊन बाहेर आलं. डोकंच फिरलं माझं. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात अप्पा खाली बघत म्हणाले, "तुझा एवढा जीव हाय त्यात. म्हटलं, आपण पण देवाला सांगून बघावं. गाडी झाली की मला दुकानात सोड."

कपाळ माझं! दुसऱ्या दिवशी हार काढला आणि ब्लॉक परत एमआयडीसीत नेला.

मिस्त्रीनं पोटभर शिव्या घातल्या. गंज घासून काढला, तशी मापं पिस्टनला सैल झाली. "स्लीव्ह परत बदला," म्हणाला. म्हणजे पुन्हा तेच हेलपाटे. इकडं अप्पा रोज सकाळी चपला घालून विचारायचे, "झाली का गाडी?" शेवटी आहे तसंच इंजिन जोडलं.

आता गॅस्केट उडत नाही, गाडी तापत नाही. पण तेल पिते आणि मागं निळा धूर सोडते. नव्या पेठेत शिरलो की ओळखीचे दुकानदार ओरडतात, "आली बघा डासांची फवारणी!" एवढं करून हे ऐकायचं. अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

अप्पा मात्र पुढं ऐटीत बसतात. परवा डॅशबोर्डवर थाप मारून कानडीत म्हणाले, "छलो आत नोड!" झकास झाली बघ. मग मराठीत, "इतके दिवस नुसतं लोखंड बदलत बसलास. एक नारळ फोडला, झालं का न्हाय काम?"

"व्हय अप्पा," मी म्हणालो आणि गिअर टाकला. त्यांच्या बाजूचा आरसा मी पहिल्या दिवसापासून दुमडूनच ठेवलाय.