शेवटचा हात कोणाचा

त्यांना सगळे लिफ्टवालेच म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी इमारतींच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये काढली. दोर, ब्रेक, दाराचे कॉन्टॅक्ट आणि हाताला लागलेलं काळं ग्रीस, जे साबणाने कधी पुरतं गेलं नाही. लिफ्ट अडकली की रखवालदार पहिला फोन त्यांनाच करायचा. ते आले की हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचे, "शेवटचा हात कोणाचा लागला?" रखवालदार म्हणायचा, कोणाचाच नाही. मग हळूच कळायचं, की सकाळी कोणीतरी दार धुताना फटीत बादलीभर पाणी सोडलं होतं, नाहीतर सामान चढवताना दारात कपाट अडकवून ठेवलं होतं. यंत्र आपणहून क्वचित बिघडतं, असं ते म्हणत. माणूस बिघडवतो आणि मग लांब जाऊन उभा राहतो.

त्यांना एकुलती एक मुलगी. बापलेकीत भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. पहिल्या नोकरीला लागल्यावर तिने एकेक सुटा भाग जमवून गेम खेळायचा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडला. काळा, एका बाजूने काच, आत निळे दिवे. लिफ्टवाल्यांनी त्या दिवशी फक्त मागेल तो स्क्रूड्रायव्हर हातात दिला होता आणि मनात म्हटलं होतं, पोरीचा हात सफाईदार आहे. तसं तोंडाने म्हणायचं राहून गेलं. पुढे ती परदेशी नोकरीला गेली, कॉम्प्युटर घरीच राहिला. जायच्या आधी तिने त्यांना ट्रक चालवायचा एक गेम शिकवला, टेबलाच्या कडेला स्टिअरिंग बसवून दिलं, बोलायला माइकचा हेडफोन दिला आणि सांगितलं, रविवारी सकाळी दहाला गेममध्ये तू इकडून ये, मी तिकडून येते.

फोनवर दोघांचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. जेवलीस का, थंडी आहे का, आईला देतो. ट्रक सुरू झाले की मात्र काय व्हायचं कोण जाणे. ती पुढे, ते मागे, समोर लांबच लांब रस्ता. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नसल्यामुळे असेल, पण साहेब घालूनपाडून बोलतो हे तिने त्या रस्त्यावरच सांगितलं. गुडघे दुखतात, गच्चीचा जिना आता चढवत नाही, हे त्यांनीही तिथेच सांगितलं. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रविवारी घरी असायची. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "मीही घेते एखादा ट्रक. म्हणजे माझ्याशी तरी बोलाल."

असं दीड वर्ष चाललं. मग एका शनिवारी दुपारी त्यांना कॉम्प्युटरची काच धुळकट दिसली. आत पाहिलं तर मोठ्या पंख्याच्या जाळीत धुळीचा बोटभर जाड थर बसलेला. यंत्रात धूळ म्हणजे त्यांच्या लेखी पाप. ब्रश फिरवला, फुंकर मारली, तरी आतली धूळ निघेना. तेव्हा त्यांनी स्क्रू सोडवले आणि पंखा धातूच्या ठोकळ्यासकट वर ओढला. तो येईना. थोडा जोर लावून ओढला तेव्हा कच्चकन आवाज होऊन तो हातात आला, आणि त्याच्या बुडाला चिकटून, वाळलेल्या लेपासकट, एक चौकोनी चिपही आली. तो प्रोसेसर होता, सगळ्या यंत्राचा मेंदू. त्याच्या पोटाला केसाएवढ्या बारीक पिनांची रांगच रांग होती, आणि एका कोपऱ्यातल्या सात-आठ पिना आडव्या झाल्या होत्या.

लिफ्टमधल्या रिलेचे कॉन्टॅक्ट त्यांनी आयुष्यभर सरळ केले होते. चष्मा लावला, बायकोचा चिमटा घेतला आणि एकेक पीन उभी केली. दोन पिना फारच मऊ लागल्या. चिप जागेवर बसली, खटका लागला, पंखा चढला. त्यांनी बटण दाबलं. पंखे फिरले, निळे दिवे लागले. स्क्रीन काळाच राहिला.

रविवारी दहाला मुलीचा निरोप आला: बाबा, कुठे आहेस? त्यांनी लिहिलं, वीज गेली आहे. डोक्यावर पंखा फिरत होता.

त्या आठवड्यात कामावरून आले की ते हातपाय धुऊन थेट कॉम्प्युटरपुढे बसत. स्क्रीनची केबल बदलली. शेजाऱ्यांकडून दुसरा स्क्रीन आणून लावला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, आधी एक लावून पाहिली, मग दुसरी. ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवलं. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी अर्धा तास काढून ठेवली, कारण मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या एका माणसाने तसं सांगितलं होतं. दर वेळी बटण दाबायचं, पंखे फिरायचे, आणि ते काळ्या काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसायचे. एका वहीत त्यांनी काय काय तपासलं ते लिहून ठेवलं. यादी दोन पानं झाली. त्यात प्रोसेसर नव्हता.

बायकोने शनिवारचं काही पाहिलं नव्हतं, पण तिला नवरा ठाऊक होता. ती एवढंच म्हणाली, की तुम्ही घरभर किल्ली शोधताय आणि खिशात हात घालत नाही आहात. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

दुसऱ्या रविवारी त्यांनी मुलीला लिहिलं, इंटरनेट बंद आहे. हा निरोप इंटरनेटवरूनच गेला, हे पाठवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मुलीने फक्त "बरं" असं उत्तर दिलं. त्या एका शब्दाने त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं.

मग एक दिवस अर्धी रजा टाकून त्यांनी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान एका बाईचं होतं. टेबलावर भिंग लावलेला दिवा, मागे उघड्या पेट्यांची उतरंड. तिने काही उघडण्याआधी कोपर टेबलाला टेकलं आणि विचारलं, "काका, बंद पडायच्या आधी कोणी उघडला होता का?"

एकतीस वर्षांत रखवालदारांनी जे उत्तर दिलं होतं, तेच त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी ते गिळलं. बाई थांबली होती. तिला घाई नसावी.

"मी उघडला होता," ते म्हणाले. "पंखा ओढताना प्रोसेसर उपटून आला. पिना मी सरळ केल्या."

तिने पंखा थोडा गोल फिरवून मग उचलला. ते बघत राहिले. इतकं सोपं होतं ते. चिप भिंगाखाली धरून तिने त्यांना बोलावलं. दोन पिना तुटल्या होत्या, त्यातली एक खाली बोर्डाच्या भोकात अडकून मोडली होती. तिने समजावून सांगितलं, की हा प्रोसेसर आता मिळत नाही, आणि नवा घ्यायचा तर बोर्ड बदलायला हवा, बोर्ड बदलला तर रॅमही चालणार नाही. म्हणजे पोरीने जोडलेल्यातलं उरणार काय, तर पेटी आणि दिवे. काहीच करता येणार नाही का, असं त्यांनी तीनदा विचारलं. हा प्रश्न त्यांना लोक विचारत असत. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाई हलक्या आवाजात म्हणाली, "काका, असतं तर केलं असतं."

घरी आल्यावर बायकोने त्यांच्यासमोर फोन ठेवला आणि आत गेली.

मुलीने लगेच उचलला. त्यांनी शनिवारपासून सगळं सांगितलं, ती वीज आणि ते इंटरनेटही. काही झाकलं नाही.  ती आता रडेल, असं त्यांना वाटलं. पोरीने हाताने जोडलेलं आपण हाताने मोडलं. 

मग ती म्हणाली, "बाबा, मला पण एक सांगायचं होतं. गेले तीन महिने मला रविवारी काम असतं. मी ऑफिसमधून लॅपटॉपवर खेळायचे, इथल्या दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि मग ते दोन तास रोज थोडं थोडं जास्त थांबून भरून काढायचे. साहेबांच्या लक्षात आलंय. तुला कसं सांगू कळत नव्हतं. वीज गेली म्हणालास, तेव्हा मला जरा हायसं वाटलं."

लिफ्टवाले खुर्चीत मागे टेकले. आपल्याला काय वाटतंय हे त्यांना नीट कळलं नाही. राग नव्हता. ती ऑफिसात चोरून गाडी चालवत होती आणि ते तिला गुडघ्याचं सांगत होते.

"मग आधी नाही का सांगायचं," ते म्हणाले.

"रविवारी तू एवढा बोलायचास ना," ती म्हणाली.

 मग ती म्हणाली, कॉम्प्युटर त्या दुकानातच देऊन टाक, कोणाला सुटे भाग उपयोगी पडतील. त्यांनी बरं म्हटलं. नवा घेऊया, असं तीही म्हणाली नाही आणि तेही. मग आईला देऊ का, असं विचारून त्यांनी फोन बायकोकडे दिला.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे आंघोळ करून दहाला तयार झाले आणि मग खोलीच्या मधोमध उभे राहिले. बायको म्हणाली, बसा तरी. ते बसले. साडेदहाला मुलीने एक फोटो पाठवला. तिचं ऑफिसातलं टेबल, रिकाम्या खुर्च्यांची रांग, डबा, आणि कोपऱ्यात तिचा अर्धा चेहरा, थकलेला. खाली काही लिहिलं नव्हतं.

त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. तिची खुर्ची टेबलाच्या मानाने फार खाली होती.

"काहीतरी लिहा," बायको म्हणाली. "वाट बघत असेल."

त्यांनी दोनदा लिहिलं आणि पुसलं. शेवटी लिहिलं, खुर्ची वर घे, उजव्या हाताला खाली दांडी असते. ती ओढायची नाही, हलकेच वर उचलायची.