उलटी ठेवलेली गाळाची नळी

नळी मी उलटी केली होती, प्रभाकरने नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं नाशिक रोडहून गाडीत बसलो. कॉलेजातल्या आमच्या सरांच्या हाताखाली राजस्थानातल्या एका आटलेल्या तळ्यावर काम मिळालं होतं. पंचवटीतलं भाजीचं दुकान बंद ठेवून आई स्टेशनवर आली. "प्रभाकर आहे म्हणून धाडतेय. त्याचं ऐकायचं," म्हणाली. प्रभाकर निफाडचा, माझा वर्गमित्र, पण माझ्याहून सावध.

तळ्याच्या तळात आम्ही लोखंडी नळ्या ठोकायचो. काठावरच्या टेकाडात दगडी हत्यारं टाकून गेलेल्या शिकारी माणसांच्या काळात इथे पाणी कसं होतं, हे नळीत भरलेल्या गाळाच्या थरांवरून शोधायचं. नळी बाहेर आली की वर-खाली कळावं म्हणून वरच्या टोकाला लगेच तांबडा रंग, हा प्रभाकरचा नियम.

एका दुपारी आई आजारी असल्याची तार आली. शहराकडे जीप निघत होती. ट्रंक कॉल करायचा म्हणून नळी तशीच आडवी टाकून मी पळालो. फोनवर कळलं, आई सावरलीय. त्या आनंदात परतलो आणि अंदाजाने रंग लावला.

प्रयोगशाळेत त्या नळीत मीठ वर निघालं, गोड्या पाण्याचे शिंपले खाली. हत्यारं वरच्या थराच्या काळातली. म्हणजे ती माणसं खारट, सुकत्या तळ्याकाठी राहिली, असं सरांनी परिषदेत सांगून टाकलं. मग बाकीच्या नळ्या उघडल्या. सगळ्यांत क्रम नेमका उलटा.

"रंग कोणी लावला?" सरांनी विचारलं.

प्रभाकर माझ्याकडे बघत थांबला, मी बोलेन म्हणून. मी टेबलाकडे बघत राहिलो. जागेवरचा प्रमुख तो, त्यामुळे त्यालाच घरी पाठवलं.

मी राहिलो. बाजरीची रोटी, हिंदी, सॅम्पल, रिपोर्ट, सगळं अंगवळणी पडलं. सुट्टीत नाशिकला यायचो, पण निफाडची एस.टी. धरायची हिंमत होत नसे. ज्या मुलखात एका माणसापासून तोंड लपवत फिरावं लागतं, त्याला आपलं घर कसं म्हणायचं?

ऐंशीच्या दशकात, आई गेल्यावर, ती एस.टी. धरली. प्रभाकर द्राक्षबागेत होता.

"काय साहेब, चिखल उपसून झाला का?" तो हसला.

बांधावर त्याचे वडील बसले होते. "लय शिकला आमचा," ते मला म्हणाले, "पन साधी नळी सरळ धरता आली नाय."

प्रभाकर मान खाली घालून वेल बांधत राहिला. त्याने घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

मी वडिलांसमोर जाऊन उभा राहिलो. "काका, नळी मी उलटी केली. रंग मी लावला. सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून याला परत यावं लागलं."

मग त्याच्याकडे वळलो. "प्रभ्या, तुझं नाव खराब करून मी तिकडे राहिलो. मला माफ कर."