बंदुकीशेजारची जागा

भागोजी कुणालाच आवडत नसे, आणि मला तर तो डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा. मंडणगडाकडच्या आमच्या वाडीतून शिकार निघाली की आम्ही सगळे हाकारे. डबे बडवायचे, काट्याकुट्यांतून रान उठवायचं. हा मात्र आबा खोतांच्या डाव्या खांद्याला खांदा लावून बसणार. सुक्या पाल्यात पाय वाजला की डुक्कर की भेकर हे नुसत्या कानाने ओळखायचा आणि बोटाने खोतांचं कोपर दाबायचा. डुक्कर पडलं की मुंडी त्या जागेवर बसणाऱ्याची, उरलेल्यात आमचे वाटे. आधी त्याचा बाप तिथे बसायचा. मुंडी घरी नेताना हा आमच्याकडे असा बघायचा की अंगाचा तिळपापड व्हावा.

घोडं पेंड खात होतं ते खोतांच्या खांद्यापाशी. समोरच्या डोंगरावरचं जनावर टिपणारी लांब पल्ल्याची रायफल त्यांनी घेतली होती, पण तिचा धक्का इतका जबर की चाप ओढण्याआधीच ते डोळे मिटायचे. एकोणीसशे तेहतीस-चौतीसच्या सुमारास त्यांनी मुंबईच्या एका बंदूकवाल्याकडून नळीच्या तोंडावर पोलादी टोपी बसवून आणली. टोपीला दोन्ही अंगांना भोकं. गोळीमागचा जोर त्यांतून बाजूला निघून जातो, बंदूक लाथ मारत नाही, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. बाजूला कोण बसतं, याचा विचार त्यांनी केला नाही.

पहिल्याच दिवशी दरीपलीकडचं डुक्कर एका गोळीत आडवं झालं. खोत खूश. भागोजी कान धरून ओणवा झाला होता.

त्याची बायको गोदा तोंडाची फटकळ. तिने खोतांच्या अंगणात जाऊन टोपी काढायला सांगितलं. खोत म्हणाले, नवऱ्याला मागे बसव. हे कळल्यावर भागोजीने आधी गोदाला शिव्या घातल्या आणि मग खोतांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मागं कोन पन बसंल, आबा. माजी जागा बंदुकीजवल हाय. तुमी टोपी काडा."

"टोपी निघणार नाही. कान जपायचे असतील तर जागा सोड."

दोघेही हट्टाला पेटले. गोदाने कापसाचे बोळे करून दिले, ते त्याने चुलीत टाकले. बोळे घातल्यावर जनावर काय नाकाने ऐकू, म्हणाला. पुढे दर शिकारीनंतर त्याचा आवाज चढत गेला आणि हाकेला ओ मिळेनाशी झाली. आम्हाला बरीच मजा वाटत होती.

माघात आम्ही कारवीच्या रानात डबे बडवत हाका घातला. डुक्कर समोर न जाता वळलं आणि त्या दोघांच्या मागून उतरलं. पाला असा वाजत होता की ओढ्याअलीकडे मलाही ऐकू आला. भागोजी समोर बघत बसलेला, खोत नेहमीसारखे स्वतः कान न देता त्याच्या बोटाची वाट बघत. जनावर त्याच्या पाठीला घासून खाली गेलं तेव्हा कुठे खोत दचकून वळले. मी वर पोचलो तर त्यांनी त्याची आई-बहीण काढली होती आणि भागोजी त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"कायतरी पाठीला लागला, पन जनावर नाय, आबा," तो केवढ्याने तरी ओरडला. "जनावर आसता तर माज्या कानाला कळला नसता?"

कुणी हसलं नाही. मी दंड धरून त्याला मागे वळवलं आणि मातीतले ताजे खुरांचे ठसे दाखवले. तो खाली बसला आणि त्याने ठशात बोट घातलं. खोतांनी तिथल्या तिथे त्याची जागा त्याच्या धाकट्या भावाला, शिवाला दिली. भागोजीला ते ऐकू आलं नाही, पण शिवाचं खुललेलं तोंड बघून समजलं.

"तितं बसू नुको," तो शिवाला म्हणाला.

"तुजा सरला," शिवा म्हणाला. "आता मुंडी माज्या घरात." भागोजीचा मला राग होता, पण शिवाच्या मात्र थोबाडीत मारावीशी वाटली.

पुढच्या शिकारीला शिवा खोतांच्या खांद्याला खांदा लावून बसला. निदान वाटा तरी मिळावा म्हणून गोदाने भागोजीच्या हातात डबा दिला होता. तो माझ्या पुढेच, कारवीत चालत होता. दरीपलीकडे बार झाला. बार झाला की डबे थांबवायचे, म्हणून आम्ही सगळे थांबलो. भागोजी एकटाच डबा बडवत पुढे जात राहिला.